गर्ल्स होस्टेलातली बुआजी

विद्यापीठात आत्याचा पहिलाच आठवडा होता. इतिहास विभागात एक नवे, तरुण सर गुप्तकाळ शिकवत होते, आणि मागच्या बाकांवरची मुलं त्यांच्या प्रत्येक वाक्याला कोंबड्याच्या आरवण्याने दाद देत होती. सर घामाघूम झाले होते. पहिल्या बाकावर बसलेल्या आत्याने थोडा वेळ सहन केलं. मग ती उठली, मागे वळली आणि शाळेत तिसरीच्या वर्गाला सांगावं तशा आवाजात म्हणाली, "सब लोग उंगली होठों पर."

मिशा फुटलेली, लग्नं ठरलेली, एक तर चक्क एका पोराचा बाप असलेली ती मुलं ओठांवर बोट ठेवून बसली. सरांनीही ठेवलं. तेव्हा आत्या त्यांच्याकडे वळून अदबीने म्हणाली, "आप नहीं, सर. आप पढ़ाइए."

मी तिथे नव्हते, मी रसायनशास्त्राची. पण संध्याकाळपर्यंत ही गोष्ट टेकडीवरच्या त्या अवाढव्य कॅम्पसमध्ये, विभागाविभागांतून फिरून आमच्या होस्टेलपर्यंत आली होती. त्या दिवसापासून आत्याचं नाव बदललं. मुली, मुलं, ग्रंथालयातले शिपाई, बसचा कंडक्टर, सगळे तिला 'बुआजी', म्हणजे आत्याबाई, म्हणू लागले.

आत्या म्हणजे सुशीला पांढरीपांडे, माझ्या बाबांची मोठी बहीण. तिने लग्न केलं नव्हतं. बालाघाटला ती आमच्याच घरी राहायची आणि मुलींच्या शाळेत शिकवायची. निम्म्या गावातल्या आया तिच्या हाताखालून गेलेल्या होत्या. बी.ए. तिने नोकरी करता करता घरी बसून केलं होतं. पन्नाशीच्या उंबरठ्यावर एके दिवशी जेवताना तिने जाहीर केलं, की आपण दोन वर्षांची रजा काढून विद्यापीठात जाणार, रीतसर एम.ए. करणार आणि होस्टेलात राहणार.

बाबांचा घास हातातच राहिला. "बाहेरून दे ना परीक्षा. या वयात होस्टेल काहून?"

"बी.ए.ची डिगरी पोस्टानं आली," आत्या म्हणाली. "पोस्टमननं सायकलवरून उतरून दिली, वरतून पाणी मागितलं. ज्या विद्यापीठाचा शिक्का घेऊन मी इतकी वर्षं मिरवून राह्यली, त्याचं दार तरी मले पाहू दे."

यात माझंही भाग्य उघडलं. मला एम.एस्सी. करायचं होतं, पण दोन गाड्या बदलून जायच्या इतक्या लांबच्या विद्यापीठात मुलीला एकटीला पाठवायला बाबा तयार नव्हते. आता ते म्हणाले, "सुशीला तिथं आहे तोवर तू राहा." शाळेनेही आत्याला रजा दिली, पण एक अट घातली. दोन वर्षांनंतरच्या जुलैत शाळा उघडेल त्या दिवशी ती हजर नसली, तर तिची जागा दुसऱ्याला जाईल.

अर्जावर 'कुमारी' असल्यामुळे होस्टेलच्या कारकुनाने वय न बघता खोली दिली होती. आम्ही अंथरुणाचा होल्डॉल, चिवड्याचा डबा आणि आंब्याच्या लोणच्याची बरणी घेऊन पोहोचलो, तेव्हा वॉर्डनबाई दारात आडव्या आल्या. त्या तिशीच्या असतील.

"माताजी, गार्डियन को अंदर अलाउड नहीं है. बच्ची को छोड़ दीजिए, हम सँभाल लेंगे."

"बच्ची मेरी रूममेट है," आत्या म्हणाली आणि आत गेली.

मला वाटलं होतं, आत्या माझ्यावर पहारा ठेवील. झालं उलटंच. मी साडेसहाला खोलीत असायचे आणि आत्याचा पत्ता नसायचा. तिला ग्रंथालयाचं वेड लागलं होतं. बालाघाटच्या शाळेत पुस्तकांचं एकच कपाट होतं आणि त्याची किल्ली मुख्याध्यापिकेच्या कमरेला असायची. इथे माणूस हरवेल एवढ्या पुस्तकांच्या गल्ल्या. ती एका गल्लीत शिरायची आणि ग्रंथालय बंद होताना शिपाई तिला शोधून बाहेर काढायचा. होस्टेलचं फाटक मात्र सातला बंद व्हायचं. आत्या रोज उशिरा यायची आणि चौकीदाराला "बेटा, जरा सरक," म्हणत आत यायची.

नियमाप्रमाणे वॉर्डनबाईंनी पालकाला ताकीद पाठवली. आत्याच्या अर्जावर पालक म्हणून तिच्या धाकट्या भावाचं, म्हणजे बाबांचंच नाव होतं. आपली पाल्या कुमारी सुशीला ही वारंवार उशिरा परतते, तिच्या संगतीकडे लक्ष द्यावे, असं त्यात होतं. आई सांगते, बाबा व्हरांड्यात उभे राहून ते तीनदा वाचून हसले आणि मग बांधकाम खात्यातल्या सवयीने त्यांनी चोख उत्तर लिहिलं. मजकूर मिळाला, पाल्येस समज देण्यात आली आहे.

'समज' शब्द आत्याला झोंबला. "ज्याची चड्डी मी सावरली, तो मले समज देते," ती आठवडाभर म्हणत होती. पण तिने वॉर्डनबाईंशी भांडण केलं नाही. दुसऱ्या दिवशी ती मजल्यामजल्यावर फिरली आणि संध्याकाळी होस्टेलातल्या झाडून सगळ्या मुलींना ग्रंथालयात घेऊन गेली. परतताना फाटकापाशी एवढी गर्दी झाली की चौकीदाराने कुलूप खिशात टाकलं. वॉर्डनबाई धावत आल्या.

"बेटी," आत्या शांतपणे म्हणाली, "लायब्रेरी नौ बजे तक खुली है. लड़कियों का दिमाग सात बजे बंद होता है क्या?"

फाटकाची वेळ नऊ झाली. सहा महिन्यांत वॉर्डनबाई आत्याकडे लोणचं मागायला येऊ लागल्या.

तिचं एक ठरलेलं वाक्य होतं: "समजलं नाही तं विचारा. विचारल्यानं तोंड झिजत नाही." ती स्वतः इतकं विचारायची की प्राध्यापक तयारी करून येऊ लागले. कुठल्याही विषयाची गाडी ती बालाघाट जिल्ह्यात आणून उभी करायची. गुजरातच्या विहिरींवर तास असला, तर तिचा हात वर: "सर, हमारे हट्टा की बावली देखी आपने?" सरांनी पाहिलेली नसे. मग उरलेला तास आत्या घ्यायची.

दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात खरी कसोटी आली. परीक्षा मे महिन्यात होत्या, आणि एप्रिलमध्ये मुलांनी त्या पुढे ढकलण्यासाठी आंदोलन सुरू केलं. हे जवळजवळ दरवर्षीचं होतं. आंदोलनाचा नेता रज्जन भैया हा कॅम्पसवरचा सर्वांत जुना रहिवासी. तो तिसऱ्या विषयात एम.ए. करत होता, पहिले दोन अर्धे सोडून. एका दुपारी तो आमच्या होस्टेलच्या भेटीच्या खोलीत आला.

"बुआजी, कल से धरना है. आप सबसे आगे बैठिए. आप बैठेंगी तो पुलिस लाठी नहीं उठाएगी."

"क्यों? कोर्स पूरा नहीं हुआ क्या?"

"कोर्स तो हो गया, बुआजी," रज्जन प्रामाणिकपणे म्हणाला. "पढ़ाई नहीं हुई."

आत्याने विचार करून सांगते म्हटलं. खोलीत येऊन ती खाटेवर बसली, आणि तिचा चेहरा मी पहिल्यांदाच उतरलेला पाहिला. परीक्षा ऑगस्टमध्ये गेल्या, तर तिला जुलैत शाळेत हजर व्हावं लागणार होतं, पदवीशिवाय.

"आन् मी परत गेली," ती म्हणाली, "तं तुहा बाप तुलेबी उचलून नेईन. दोघींचं अर्धवट राहीन."

"मग नाही म्हण ना त्याला."

"माह्या एकटीच्या नाही म्हणण्यानं काय होते? ते बसतीनच." मग उठून तिने पुस्तकं पिशवीत भरली. "बसते मी."

दुसऱ्या दिवशी प्रशासनाच्या इमारतीसमोर मांडव पडला. आत्या सर्वांत पुढे सतरंजीवर बसली, शेजारी पाण्याचा माठ आणि पुस्तकांची चळत. तिने रज्जनला एकच अट घातली होती: घोषणा संपल्या की ती वाचणार, आणि मोठ्याने वाचणार, कारण मनात वाचलं की तिला झोप येते. रज्जनला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पण कुणी किती वेळ घोषणा देईल? उन्हाने घसे सुकायचे, मुलं माठाकडे यायची, आणि तिथे आत्या मुघलांची महसूल व्यवस्था वाचत असायची. वाचता वाचता थांबून एखाद्याकडे बोट करायची: "तू बता." त्याला यायचं नाही. मग ती समजावून सांगायची, तो खाली बसायचा, त्याच्या मागे दुसरा. दोन-तीन दिवसांत राज्यशास्त्रवाल्यांनी आपला कोपरा केला, अर्थशास्त्रवाल्यांनी आपला. होस्टेलातल्या मुली वह्या घेऊन आल्या. इतिहासाचे ते तरुण सर तिथून चालले होते. आत्याने त्यांना हाक मारून एक शंका विचारली, आणि त्यांनी मांडवातच तो अख्खा भाग पुन्हा शिकवून टाकला. त्यांच्या तासाला एवढी हजेरी वर्षभरात लागली नव्हती.

आठवड्याने कुलगुरू स्वतः बोलणी करायला बाहेर आले. रज्जन उभा राहिला, त्याने घसा साफ केला आणि भाषण सुरू केलं. एवढ्यात मागून एक मुलगा ओरडला, "बुआजी, मनसबदारी का दूसरा वाला पॉइंट क्या था?" आत्याने सांगितलं. सगळ्यांनी लिहून घेतलं. रज्जनला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

कुलगुरूंनी मांडवाकडे नीट पाहिलं. मग ते सौम्यपणे हिंदीत म्हणाले, "परीक्षा पुढे हवी असणाऱ्यांनी हात वर करा." हात अगदी थोडे वर झाले. त्यात एक रज्जनचा होता आणि एक माझा. आत्याने वळून पाहिलं.

"तुले काहून पाह्यजे?"

"भौतिक रसायन झालं नाही."

"मंग इथं काय करून राह्यली? रूमवर जा."

मी गेले. परीक्षा ठरल्या वेळी झाल्या. रज्जन त्या संध्याकाळी आत्याच्या पाया पडायला आला तेव्हा रागावलाय की हसतोय ते कळत नव्हतं. "बुआजी, आपने तो पूरा आंदोलन ही पढ़ा दिया," तो म्हणाला. आठवडाभर मांडवात बसून त्याच्याही कानावर बरंच पडलं होतं. तो आयुष्यात पहिल्यांदा एम.ए. पास झाला आणि त्यामुळे त्याला विद्यापीठ सोडावं लागलं.

आत्याला दुसरा वर्ग मिळाला. जुलैत शाळा उघडली त्या दिवशी घंटा होण्याआधी ती वर्गात होती. सेवाज्येष्ठतेने तिला मिळायची ती मुख्याध्यापिकेची जागा दरम्यान दुसऱ्या बाईंना गेली होती. आत्याने त्याबद्दल एकदाच, "चला, किल्ल्या सांभाळायचं वाचलं," एवढं म्हटलं.

माझा निकालही लागला, आणि मला त्याच विद्यापीठात संशोधनासाठी बोलावलं. बाबा म्हणाले, "आता पुरे झालं. तिथं आता सुशीला नाही."

आत्या व्हरांड्यात तांदूळ निवडत होती. सूप खाली न ठेवताच ती म्हणाली, "मी काय तिची राखण कराले गेलती का? मी शिकाले गेलती. ते बी शिकालेच जाऊन राह्यली."

"पण सोबतीला कोण?"

"तू बालाघाटात जन्म काढला. तुह्या सोबतीले कोण होतं? आम्हीच ना? मंग दोन वर्षं मी इथं नव्हती, तं तुले कोणी म्हटलं का, की बहीण नाही तं हापिसात जाऊ नको?"

बाबांनी पेपर उघडला आणि त्याच्याआड गेले. बऱ्याच वेळाने पेपरामागून आवाज आला, "होल्डॉलचा पट्टा तुटला आहे. नवीन लागेल." आमच्या घरात होकार असाच यायचा.

आत्या जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. ती मला सर्वांत जास्त आठवते ती मी संशोधनाला निघाले त्या दिवशीची, बालाघाटच्या फलाटावरची. नॅरोगेजची छोटी गाडी उभी होती. बाबा खिडकीतून सामान आत सारत होते, आई डोळे पुसत होती, आणि मलाही हुंदका आवरत नव्हता. आत्या खिडकीशी आली. मला वाटलं, आता ही धीर देईल, रडू नको म्हणेल.

"घरची आठवण येईन," ती म्हणाली. "आली तं रडजो. मोकळं रडजो. फक्त लायब्रेरीत नको रडू. तिथं दुसऱ्याले वाचता येत नाही."

गाडी हलली. मी नैनपूर जंक्शनपर्यंत रडले. नैनपूरला चहा घेतला आणि पुस्तक उघडलं.