शुद्धीपुरती एक पळी

आमच्या घरात गाईला नावं ठेवायची नाहीत असा काही नियम नव्हता. कुणी नावं ठेवील असं मुळी कुणाच्या मनातच यायचं नाही, मग नियम कशाला करा? माझे सासरे, त्यांना सगळे आबा म्हणत, असोद्याची शेती धाकट्या भावाच्या हवाली करून जळगावात राहायला आले, तेव्हा गाय आधी आली आणि भांडीकुंडी मागून. परसात तिच्यासाठी छप्पर उभं राहिलं, मग आमच्या खोलीवर कौलं चढली. दुसरी मोठी लढाई सुरू होण्याच्या आधीची ही दोन-तीन वर्षं. माझा मुलगा त्याच घरात झाला, आणि तो अंगावर पीत असतानाच मला मुदतीचा ताप आला. तापातून उठले तेव्हा दूध आटलेलं. आबा म्हणाले, "काळजी कशाला करते? दारात गाय आहे."

त्या गाईचं दूध पोराच्या पोटात ठरेना. पाजलं की घटकाभरात ओकायचा. अंगभर पुरळ, शी पाण्यासारखी आणि तिच्यात रक्ताची तार. ज्या वयात मुलं बाळसं धरतात त्या वयात आमच्या पोराच्या मांड्यांची कातडी लोंबायला लागली. त्याला उचलला की हाताला वजन असं लागायचंच नाही. हे पोर हातातून जाणार, हे मला लख्ख दिसत होतं. बाकीच्यांना दृष्ट दिसत होती.

मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या. दुधात पाणी वाढवून झालं, वावडिंग उकळून झालं. मग आबांनी गाईचा चारा बदलला. सरकी बंद, ढेप बंद, हिरवा लसूणघास सुरू. म्हणजे आजारी पोर आणि पथ्य गाईला. गाय त्या महिन्यात काय सुरेख दिसायला लागली म्हणून सांगू.

शेवटी यांनी डॉक्टर आणला. हे, म्हणजे माझे यजमान, रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते आणि घरात शिकलेले तेवढे तेच. डॉक्टरने पोराला उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाला, "याला गाईचं दूध सोसत नाही. अजिबात बंद करा. दुसरं कुठलंही बघा." आबांनी त्याला चहा पाजला, त्याच गाईच्या दुधाचा, आणि कप रिकामा होईपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. डॉक्टरला काही झालं नाही, हे त्यांनी पुढे भेटेल त्याला सांगितलं.

तर आता दुसरं दूध शोधायचं. गल्लीच्या तोंडाशी एका मुसलमान शिंप्याचं घर होतं, त्यांच्याकडे बकरी होती. त्याची बायको भली बाई. पोराचं ऐकलं तशी स्वतः लोटा घासूनपुसून दूध घेऊन दारात उभी राहिली. पेच पडला तो सासूबाईंना. त्या माळकरी, माहेर नरडाण्याकडचं, बोलणं सगळं अहिराणीत. बाईपुढे काही बोलल्या नाहीत, आत येऊन मला म्हणाल्या, "ती बकरी कोठे कोठे तोंड घालस, कोनले ठाव?" पण नातू त्यांनाही हवा होता. बाकी कुणाहून कमी नाही, जास्तच हवा होता. म्हणून त्यांनीच तोड काढली. दुधाला उकळी आली की देवाच्या पळीने एक पळी गाईचं दूध त्यात सोडायचं. झालं, दूध शुद्ध.

आता हे काही त्या लपूनछपून करत नव्हत्या. माझ्या डोळ्यांदेखत चालायचं, यांच्याही. पण ती पळी शुद्धीची होती. तिला दूध कोण म्हणणार? नैवेद्यावर फिरवलेलं पाणी काय कुणी तहान लागली म्हणून पितं? डॉक्टरने वाटेत भेटून यांना विचारलं, "गाईचं बंद केलं ना?" यांनी सांगितलं, केव्हाच. घरी येऊन विचारलं असतं तर आम्ही सगळ्यांनी एका सुरात हेच सांगितलं असतं, आणि त्यात कुणी खोटं बोलत नव्हतं.

पोर ओकतच राहिलं. मग बकरी नापास. यांनी भुसावळहून, साहेब लोकांच्या वस्तीतल्या दुकानातून, विलायती दुधाच्या पावडरीचा डबा आणला. डब्यावर एक गुबगुबीत पोर हसत होतं. ते चित्र बघायला असोद्याहून माणसं आली आणि आमचं पोर न बघताच परत गेली. पावडर साहेबाच्या हातची, समुद्र ओलांडून आलेली, तेव्हा तिला एक पळी कशी पुरणार? तिच्यात दोन पडायच्या. ती पावडरसुद्धा गाईच्याच दुधाची होती, हे मला फार पुढे कळलं. तेव्हा कळलं असतं तरी उपयोग नव्हता म्हणा. विलायती गाय ही गाय असते, हे सासूबाईंनी मानलं नसतं.

डबाही नापास झाला. तोवर पोराचं रडणंसुद्धा बारीक झालं होतं. कुणीतरी म्हातारीने सुचवलं, गाढविणीचं दूध पाजून बघा, अशा पोरांना तेच लागू पडतं. ऐकलं आणि आबा उठून परसात गेले. मेहरुणच्या वाटेला कुंभारांची घरं होती, तिथून हे रोज सकाळी कोटाच्या आत तांब्या झाकून दूध आणायचे. वाटेत कुणी भेटलं तर तेल आहे म्हणायचे. एकदा तांब्या माझ्या हातात देताना हसून म्हणाले, "पुढे शाळेत नापास झाला तर कारण शोधायला नको." एरवी मीही हसले असते. त्या दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं, "जगला तर नापास होईल ना." हे टोपी घालून कामावर गेले.

गाढविणीच्या दुधात किती पळ्या पडत असतील हे सांगायला नको. आणि पोराचं तेच, जे आधी होतं.

दिवाळीच्या तोंडावर वसुबारस आली. या दिवशी गाईचं दूध सगळं वासराचं. घरात दूध नाही, ताक नाही, तुपाचं बोटसुद्धा नाही. सासूबाईंनी पहाटेपासून गाईची धार कुणाला काढू दिली नाही. मग गाढविणीचं दूध शुद्ध करायचं कशाने? थोडा वेळ विचारात पडल्या आणि शेवटी तुळशीचं पान टाकून वाटी माझ्या हातात दिली.

पोर वाटीभर दूध प्यालं आणि ओकलं नाही. मी फडकं घेऊन वाट बघत बसले, फडकं कोरडं राहिलं. दुपारी झोपला, उठला आणि रडायला लागला. भुकेचं रडणं होतं ते. आजाराचं आणि भुकेचं रडणं आईला वेगळं कळतं, आणि ते भुकेचं रडणं मी किती दिवसांनी ऐकत होते. संध्याकाळी गाईची पूजा करताना माझं लक्ष ताटात नव्हतं. दुसऱ्या दिवशी धनतेरस. गाईची धार घरात आली, पळी दुधात पडली, आणि पोराने सगळं माझ्या नव्या लुगड्यावर काढलं.

मी तिथेच चुलीपुढे बसून राहिले. इतका संताप झाला, की पळी उचलावी आणि गटारात भिरकावून द्यावी. पण बोलणार काय होते? शुद्धीने पोर आजारी पडतं, असं? पुस्तकं वाचलेल्या डॉक्टरला आबांनी एका कपात गार केलं होतं, मी तर कालची सून. या घरात सांगून काही बंद होत नाही, हे मला कळून चुकलं होतं. काही बंद करायचं तर देवाला सांगावं लागतं.

पाडव्याला सगळे घरात असताना मी हळदीकुंकवाचं ताट घेतलं, पोराला कडेवर घेतलं आणि गाईपुढे जाऊन मोठ्याने नवस बोलले. पोर पाच वर्षांचं होईतो त्याची रोज वसुबारस. गाईच्या दुधाचा थेंब त्याच्या पोटात जाणार नाही, त्याच्या वाट्याचं दूध वासराला.

आबांचे डोळे भरून आले. एवढंसं लेकरू आणि केवढं व्रत, म्हणाले. नवस त्यांनी असोद्यात नेला, तिथून पाहुण्यारावळ्यांत नेला. बाया पोराच्या पायांना हात लावून जायच्या. गाईचं नाही तर मग हा पितो काय, असं एकीनेही विचारलं नाही, नाहीतर कुंभारवाड्याची शोभा झाली असती. हे मात्र त्या दिवशी माझ्याकडे बघत होते आणि पुढे आयुष्यभर या विषयावर एक शब्द बोलले नाहीत.

थंडी संपेपर्यंत पोर बसायला लागलं. मांड्यांना वळ्या पडल्या. एके दिवशी उन्हात सासूबाई पाय पसरून त्याला तेल लावत होत्या, मी बाजूला ज्वारी निवडत होते. त्यांनी त्याची मांडी हातात घेतली, दाबली, पुन्हा दाबली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मना दोन गयात. असाच. दूध टाकी टाकी."

सासूबाईंचे दोन मुलगे गेले होते, हे मी त्या घरात पहिल्यांदा ऐकत होते. यांनाही माहीत नव्हतं.

सासूबाई पोराची दुसरी मांडी चोळत होत्या. मग म्हणाल्या, "असा नवस बी करता येस, हाई माले कोनी सांगं नही."