काटा रिकामा करा

फलटणच्या रस्त्याला माझा वजनकाटा आहे. उसाचे ट्रॅक्टर त्यावर चढतात आणि वजन आत कॉम्प्युटरवर दिसतं. तो कॉम्प्युटर बघायला साताऱ्याहून एक बाई येते. शाळेत मी फार टिकलो नाही, पण माणूस मला कळतो. ही बाई यंत्राला हट्टी म्हशीसारखं चुचकारते, "हां, ऊठ गं माझे," आणि चहा पार गार झाल्याशिवाय कपाला हात लावत नाही.

यंदा ऐन हंगामात तिनं कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम चढवली. काट्याचा प्रोग्राम मात्र जुनाच. तरी भरल्या ट्रॅक्टरचं वजन दिसलं आणि मी खूश झालो.

"काटा रिकामा करा," ती म्हणाली.

"आवं ताई, आकडा दिसतोय की! मागं रांग लागलीया," ड्रायव्हर ओरडला.

"शून्य बघितल्याबिगर मी उठत न्हाई."

ट्रॅक्टर उतरला, पण आकडा हलेना. एकाचं वजन दुसऱ्याच्या नावावर पडलं असतं आणि गावानं मला चोर ठरवलं असतं.

"माझंच चुकलं, आबा," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "नव्या सिस्टीमवर तुमचा प्रोग्राम चालंल का, ते आदी बघायला पायजे हुतं. जुनी परत घालते. तवर काटा बंद."

ड्रायव्हर खवळले. "आबा, आता बाईचं ऐकणार व्हय तुमी?"

आजवर या काट्यावर हुकूम फक्त माझाच चालला. मी उठलो आणि काट्याच्या तोंडाशी आडवी साखळी लावली.