विहिरीपासून वीस वाव: हमीदचाचांचा युद्धातला डबा

आमच्या ऑफिसात चहा देणारे हमीदचाचा पुढच्या गुरुवारी कायमचे रत्नागिरीला चालले होते, आणि जाण्याआधी त्यांना एकदा वाळू उकरायची होती. म्हणून आम्ही निघालो. कतारमध्ये लोक वाळूच्या टेकड्यांवर गाड्या उडवतात, उंटावर बसतात, नाहीतर मॉल पालथे घालतात. आम्ही मेटल डिटेक्टर घेऊन गेलो.

चाचांची गोष्ट ऑफिसात सगळ्यांना पाठ होती. आखाती युद्धाच्या वेळी ते कतारमध्येच, पश्चिमेला दुखानच्या बाजूला एका परदेशी लष्करी तळावर स्वयंपाकी होते, वय चोवीस. तळ उठला तेव्हा सैनिकांनी त्यांना एक थाळी भेट दिली. पण तळावरची वस्तू कुणाकडे सापडली तर त्याला पहिल्या विमानाने घरी पाठवीन, असा कंत्राटदाराचा दम होता. घाबरून चाचांनी थाळी पत्र्याच्या डब्यात घातली आणि शेजारच्या शेतात पुरली. आठवड्याभरात त्यांची बदली दोह्यात झाली, आणि ते परत तिकडे गेलेच नाहीत. गावी ही गोष्ट निघाली की मरियमचाची चारचौघांत म्हणायच्या, "युद्धावर गेले होते, कांदा चिरायला." इतकी वर्षं हा माणूस स्वतःच्या घरात थापाड्या ठरला होता. ते हे हसत सांगायचे, पण मला ऐकताना वाईट वाटायचं.

मेटल डिटेक्टर माझा नवरा संदीप याच्या कंपनीचा. ती मंडळी त्याने जमिनीखालचे पाइप शोधतात. साहेबांची परवानगी काढली, आणि त्याहून महत्त्वाची, शेताच्या मालकाचीही. तुमच्यापैकी कुणाच्या डोक्यात असला किडा वळवळत असेल तर आधी इथले नियम नीट विचारून घ्या. मनाला येईल तिथे खणायचं नाही, जुन्या अवशेषांच्या आसपास तर मुळीच नाही. आमचे मालक अबू खालिद, साठीचे कतारी गृहस्थ. शेत त्यांनी नंतर विकत घेतलेलं, त्यामुळे तळाबद्दल त्यांना काही ठाऊक नव्हतं. त्यांची अट एकच: बॉम्बसारखं काही दिसलं तर हात न लावता पोलिसांना फोन. डबा मिळाला तर तुमचा, खलास.

शुक्रवारी चाचांचा जुम्मा, म्हणून शनिवार ठरवला. दोह्यातल्या बिन महमूदहून सकाळी सहाला निघालो. वाटेत अल शहानियाला थांबून करक, म्हणजे इथला कडक दुधाळ चहा, आणि गरम पराठे घेतले. चहा दोन रियाल, पराठा तीन, आणि पोट दुपारपर्यंत शांत. बाजूच्या मैदानात शर्यतीचे उंट पाठीवर यंत्राचे जॉकी घेऊन पळत होते. चाचांनी चहाचा एक घोट घेतला आणि पत्ती कमी उकळल्याचा निकाल दिला.

दुखानचा रस्ता लोण्यासारखा आहे. शेवटचे पाच किलोमीटर मात्र कच्चे, तिथे टायरची हवा थोडी कमी करा. जायचं तर डिसेंबर ते फेब्रुवारीतच, आणि पाणी वाटतं त्याच्या दुप्पट न्या. शेतात एक बुजलेली विहीर, तिचा सिमेंटचा कठडा आणि दूर बोरीचं एकुलतं एक झाड. याच खुणांवरून चाचांनी मागच्या महिन्यात हे शेत हुडकून काढलं होतं. कठड्याच्या कोपऱ्यावर उभं राहायचं, बोरीकडे तोंड करायचं आणि वीस वाव सरळ जायचं, एवढा त्यांचा नकाशा.

वाव हे कोकणातल्या दर्यावर्दी लोकांचं माप, पसरलेल्या दोन हातांएवढं. मी पडले पुण्याची इंजिनिअर. मोबाईलवर बघितलं, एक वाव म्हणजे सहा फूट, वीस वाव म्हणजे एकशे वीस. टेप लावला, खुंटी ठोकली आणि ऐटीत म्हटलं, इथे. चाचा काही बोलायला गेले, तर मी त्यांना सावलीत बसायला सांगितलं.

पुढचे तीन तास त्या ऐटीची फळं खाल्ली. यंत्र कोकलायचं, आम्ही उकरायचो. खिळे, कोल्ड्रिंकचे डबे, गंजलेली साखळी, पत्र्याचा तुकडा. थाळी नाही. बारा वाजले. संदीप पाठ धरून बसला आणि हळूच म्हणाला, चाचांना जागा नक्की आठवतेय ना? चाचांनी ते ऐकलं. त्यांचा चेहरा असा पडला की मला संदीपच्या जिभेचा आणि स्वतःच्या टेपचा सारखाच राग आला. मी जाऊन विचारलं, चाचा, मघाशी काय सांगत होतात?

"ताई, ते वीस वाव मी माज्या हातांनी मोजले होते. मोबाईलच्या नाय."

मी त्यांच्याकडे नीट बघितलं. चाचा जेमतेम पाच फूट. सहा फुटी वाव त्यांच्या हातात येणार कुठून? आठ वर्षं या माणसाच्या हातचा चहा पिऊन ही गोष्ट माझ्या ध्यानात येऊ नये!

गाडीतली ओढायची दोरी काढली. चाचांनी ती दोन्ही हातांत छातीवर ताणून धरली आणि मोजायला सुरुवात केली, एक, दोन, तीन, लहानपणी बापाच्या होडीवर मोजायचे तसे. वीस वाव माझ्या खुंटीच्या चांगले सहा मीटर अलीकडे संपले. यंत्र टेकवलं आणि ते असं ओरडलं की बोरीवरची पाखरं उडाली.

दोन हात खोल खणल्यावर डबा लागला. पत्रा पार सडला होता, हात लावताच चुरा झाला. आत गोणपाटाच्या चिंध्या आणि त्यात स्टीलची थाळी, पुसल्यावर लख्ख. भांड्यावर नाव घालायची आपली रीत चाचांनी तेव्हा त्या सैनिक पोरांना सांगितली होती. त्यांनी चाकूच्या टोकाने कडेला सहा नावं कोरली होती, मध्यभागी मोठ्या इंग्रजी अक्षरांत हमीद, आणि खाली १९९१. संदीपने चाचांना उचलून एक गिरकी घेतली. मी नाचले. खोटं कशाला सांगू, रडलेसुद्धा.

चाचांनी तिथूनच घरी व्हिडिओ कॉल लावला. थाळी कॅमेऱ्यासमोर धरली. चाचींनी नातीला बोलावून सगळी नावं मोठ्याने वाचून घेतली, आणि पुन्हा एकदा वाचायला लावली.

संध्याकाळी चारला आम्ही घरी पोचलो. पेट्रोल, खाणं, फावडं धरून तिघांचा दिवस दीडशे रियालच्या आत निघाला. माझ्या तळहाताला तीन फोड आले. आता कुणी काही मोजून सांगितलं तर मी आधी विचारते, कुणाच्या हाताने?

गुरुवारी चाचा गेले. परवा त्यांना फोन केला आणि विचारलं, काय चाचा, आता गावात ऐटीत गोष्ट सांगत असाल?

"कसली ऐट, ताई. मला तोंड उघडाया मिळत नाय. पावना आला की तुमची चाचीच थाळी काढते, तीच सांगते. आन माज्यापेक्षा बरी सांगते."