पंगतीत सगळ्यात शेवटी

आमच्याकडे प्रेम दाखवायची एकच रीत, खायला घालणं. त्यामुळे माझ्या मैत्रिणीनं जेवण जवळजवळ सोडलं तेव्हा मी डबे भरभरून नेले, आग्रह केला, गळ्याच्या शपथा घातल्या. ती दोन घास चिवडून डबा सरकवायची आणि मी रुसून बसायची. शेवटी सांगलीच्या डॉक्टर बाईंनी तिच्या आईबरोबर मलाही बोलावून घेतलं. हा हट्ट नाही, आजार आहे, त्यांनी समजावलं. आग्रह बंद. तिच्या तब्येतीबद्दल चांगलं-वाईट काही बोलायचं नाही. नुसतं शेजारी बसून जेवायचं.

साताऱ्यात आम्ही एकाच ऑफिसात. रोज एक वाजता डबे उघडायचे आणि जेवण सोडून जगातल्या कुठल्याही विषयावर बोलायचं. मला दुसरे विषयच येत नव्हते, तेव्हा मी शेजारणीच्या भांडणांवर दिवस काढले. एकदा मात्र बोलून गेले, "गाल भरलेत गं, छान दिसतेस." पुढचे दोन दिवस तिनं डबा उघडला नाही. मला स्वतःचा असा राग आला की विचारू नका. तिसऱ्या दिवशी तिची माफी मागितली, म्हटलं, माझ्या जिभेला हाड नाही.

"हाड राहू दे, कुलूप लाव," ती म्हणाली आणि तिनं पोळी मोडली.

दीड वर्षात ती बरीच सावरली. मग मेढ्याला तिच्या भाचीचं बारसं निघालं. ही एकुलती एक आत्या, बाळाच्या कानात नाव हिनंच सांगायचं. पण ती जायलाच तयार होईना. कारण होतं पंगत. शेवटच्या माणसाचं जेवण होईपर्यंत कुणी उठत नाही आणि ही जेवते सावकाश. "अख्खी पंगत माझ्या पानाकडं बघत बसेल," ती म्हणाली.

"तू चल. शेवटचं माणूस मी असेन," मी म्हटलं.

तिनं नाव ठेवलं, पाठीत हौसेचे धपाटे खाल्ले आणि आम्ही पंगतीला बसलो. मी भात शिताशितानं खाल्ला. लापशी तिसऱ्यांदा घेतली. समोरच्या आजी वैतागल्या.

"अगं बाय, पानाशी लगीन लावलंयस व्हय? माणसं खोळंबल्याती."

"काय करू आजी, लापशी लय झाक झालीया, सुटंना."

सगळी पंगत मला हसत होती आणि मला भलतंच बरं वाटत होतं. मैत्रिणीच्या पानाकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. माझं पोट मात्र खरंच तट्ट फुगलं होतं. हळूच पाहिलं तर तिचं पान रिकामं. सुटले बाई, म्हणून मी उठायला हात टेकला, तर तिनं माझं मनगट धरलं आणि वाढप्याला हाक मारली.

"दादा, थोडी लापशी इकडं वाढा."

कुणी आग्रह केला नव्हता. मी पुन्हा मांडी घातली. माझे डोळे भरून आले, ते तिला दिसू नयेत म्हणून मी तोंड फिरवलं, आणि वाढपी जवळ येऊन बघतो तर मी त्याच्या पातेल्याकडे टक लावून बसलेली. त्यानं माझ्याही पानावर वाढली.