थांबवा म्हणायचं राहून गेलं

नोकरीसाठी गावाकडून अंबरनाथला आलो, तेव्हा मी बाविशीत होतो. बुवापाड्यात एक खोली भाड्याने घेतली होती. काम उल्हासनगरला, कॅम्प पाचमधल्या एका लहानशा ऑफिसात. संध्याकाळी अंबरनाथ स्टेशनवरून शेअर रिक्षाने घरी यायचो.

सुरुवातीलाच एकदा माझी गल्ली आली तसा मी ओरडलो, "आवो, थांबवा की!" रानात हाक मारावी तसा आवाज निघाला. शेजारची दोन पोरं हसली. कदाचित मोबाईलमधल्या कशाला हसली असतील, पण माझे कान तापले. त्यानंतर रिक्षात तोंडच उघडेना. दुसरं कोणी उतरलं की मीही उतरायचो आणि उरलेलं चालत जायचो.

एका संध्याकाळी रिक्षात मी आणि माझ्याच वयाची एक मुलगी, एवढेच होतो. माझी गल्ली आली. मी घसा साफ केला. तीही जरा पुढे सरकली. कोणीच बोललं नाही आणि रिक्षा थेट शेवटच्या नाक्यावर जाऊन थांबली.

"यहीं उतरना था ना दोनों को?" रिक्षावाल्याने विचारलं.

"हां," आम्ही एकदमच म्हणालो.

तो दुसऱ्या सवाऱ्या घेऊन निघून गेला. मग आम्ही दोघंही आलो त्याच रस्त्याने परत चालू लागलो. ती पुढे, मी मागे. तिने एकदा मागे वळून पाहिलं. मी पाठलाग करतोय असं वाटायला नको म्हणून मी रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूला गेलो. तुमचंही सांगायचं राहिलं का, एवढंच विचारायचं होतं. मनात वाक्य जुळवेपर्यंत ती माझ्या अलीकडच्याच गल्लीत वळली.

खोलीवर पोचलो तर आईचा फोन.

"कुनी वळखीचं झालं का रं तिथं?"

"व्हईल की," मी म्हणालो.

पुढे बरेच दिवस रिक्षात बसताना मी तिला शोधायचो. ती दिसली नाही. हळूहळू माझी भीड चेपली. आता मी खणखणीत आवाजात म्हणतो, "भैया, रोको." मोबाईलमधून कोणी मान वर करत नाही. माझा एक पाय खाली टेकतो न टेकतो तोच शेजारचा माणूस माझ्या जागेवर सरकलेला असतो.