दुरुस्तीपुरतं बाहेर

आमचं सामान 'छोटा हत्ती' टेम्पोत चढत होतं तेव्हा कसबा बावड्यातली आमची गल्ली दारादारांत उभी होती. कुकर, पिठाचा डबा, माझ्या लेकीची, प्राचीची, अभ्यासाची खुर्ची, माझं शिलाई मशीन. स्वयंपाकघरातल्या वस्तू उन्हात आल्या की किती मळकट दिसतात ते त्या दिवशी कळलं. समोरच्या काकूंनी विचारलं, "सोडलं व्हय घर?" मी म्हटलं, "न्हाई, दुरुस्ती हाय." त्या "हां" म्हणाल्या. त्या "हां"मध्ये काय होतं ते सांगायला नको.

माहेराहून, आजऱ्याहून, लग्न होऊन निघाले तेव्हाही दारात माणसं होती. तेव्हा सगळ्या बायका रडल्या होत्या आणि आई म्हणाली होती, "आता तिकडचं घर तुजं." तुम्ही जे गावात राहिलात आणि माझ्यासारख्या ज्या बाहेर पडलात, त्या सगळ्यांनी हे वाक्य ऐकलेलं असणार. माझ्या बाबतीत ते घर म्हणजे मारुतीअण्णांच्या घरातल्या खालच्या दोन भाड्याच्या खोल्या. वर पुढच्या खोलीत अण्णा एकटे राहायचे, आमच्या स्वयंपाकघरावर नुसती गच्ची. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, त्यांची बायको, आमच्या काकी, गेल्यापासून जरा तिरसट झालेले. माझा नवरा विलास फौंड्रीत कामाला. मी घरी ब्लाऊज शिवते. प्राचीचा जन्म याच खोल्यांतला.

भांडण सुरू झालं ते स्लॅबवरून. एका दुपारी स्वयंपाकघरातला गिलावा धाडकन शेगडीवर पडला. मी मशीनवर होते म्हणून वाचले. आतल्या सळ्या गंजून फुगल्या होत्या. अण्णांनी इंजिनिअर आणला. त्यानं वर बघून सांगितलं, स्लॅब नवा घालावा लागेल, खालच्या माणसांनी दोन-तीन महिने बाहेर पडायला हवं.

विलास म्हणाला, "पडतो की. फकस्त काम झालं की आमास्नी परत आत घेणार, एवढं लिवून द्या."

यात वावगं काहीच नव्हतं. त्याच्या फौंड्रीतला एकजण असाच दुरुस्तीसाठी बाहेर पडला आणि परत गेला तर दाराला दुसऱ्याचं कुलूप. पण अण्णा एकदम उसळले. "माज्या शबुदावर इस्वास न्हाय व्हय तुजा? लिवून बिवून काय देणार न्हाय."

"मग आमी हलत बी न्हाय."

"मग मरा त्या स्लॅबखाली!"

हे सगळं अंगणात, मोठ्यानं, गल्लीसमोर. प्राची शाळेतून येऊन फाटकापाशीच थांबली होती, दप्तर पाठीवर तसंच. तिच्या दोन मैत्रिणी सोबत होत्या. त्या हळूच निघून गेल्या. त्यानंतर तिनं कुणालाच घरी बोलावलं नाही. अण्णाही आपलेच शब्द ऐकून दचकल्यासारखे वर निघून गेले.

मग अबोला. आम्ही स्वयंपाकघर बंद केलं आणि बाहेरच्या खोलीत स्टूलवर शेगडी मांडली. एका सकाळी त्या खोलीची भिंतही चिरलेली दिसली. लाकडी टेकू लावले. मी विलासला म्हटलं, आता पोरीला इथं ठेवणार नाही. तो म्हणाला, आपण दोघंही निघालो तर खोल्या गेल्याच. शेवटी असं ठरलं की सामान त्याच्या मित्राच्या गोदामात टाकायचं, त्यानं बाहेरच्या खोलीत राहायचं आणि मी प्राचीला घेऊन आजऱ्याला जायचं. तोच तो छोटा हत्ती.

माहेरी दिवाळीला जाणं वेगळं. शाळा चालू असताना, पोरीला घेऊन, परतीचा दिवस न ठरवता जाणं वेगळं. आई आता नाही. भाऊ आणि वहिनी घर चालवतात. वहिनी काजूच्या कारखान्यात जाते, परत येऊन सगळ्यांचं करते. ती वाईट वागली असं मी म्हणणार नाही. पण एकदा भांडी घासताना तिनं विचारलं, "ताई, तुमचं कवापतुर हाय? न्हवं, गॅसचा नंबर लावायचा हाय म्हणून इचारलं." बरोबरच होतं तिचं. तीन माणसांच्या गॅसवर पाच माणसांचं शिजत होतं. मी खाली मान घालून भांडी विसळत राहिले.

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आपली खाट आम्हा मायलेकींना दिली आणि स्वतः भाताच्या पोत्यांच्या खोलीत अंथरूण टाकलं. मी नको म्हटलं तर म्हणाले, "मला तितंच झोप लागती." रात्रभर त्यांचा खोकला ऐकू यायचा.

गावात मात्र कुजबुज सुरू झाली होती. नवऱ्यानं धाडून दिली काय? एकदा शेजारचे तात्या ओट्यावर बसले होते. मी आत, दाराआड, तांदूळ निवडत होते. तात्यांनी विचारलं, "लेक लई दिस राह्यली?"

 आबा म्हणाले, "घर मोठं कराय लागल्यात कोल्हापुरात. वर मजला चढवाय लागल्यात. धुळीत कुटं राहणार, म्हणून मीच बोलवून घेतलीया."

आबा खोटं बोलत नाहीत. विकायच्या म्हशीची खोडसुद्धा गिऱ्हाइकाला आधी सांगणारा माणूस. माझ्यासाठी त्यांनी एक अख्खा मजला चढवला होता, जागेवर बसून. मला वाटलं, जमीन दुभंगावी. ते आत आले, मला दाराआड बघितलं आणि नजर चुकवून मागच्या दारानं बाहेर गेले. त्यांनाही लाज वाटली असावी. आम्ही दोघं त्याबद्दल आजवर बोललेलो नाही.

दुसऱ्या दिवशी प्राचीला तिथंच ठेवून मी पहिल्या एसटीनं कोल्हापूर गाठलं. विलास कामावर गेला होता. मी सरळ जिना चढून अण्णांसमोर उभी राहिले. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, तोंडातून आलं भलतंच. "अण्णा, माझे वडील लोकांस्नी खोटं सांगाय लागल्यात माझ्यापायी. तुमास्नी एक कागद लिवायला एवढं काय जड जातंय?"

अण्णा रागावतील असं वाटलं होतं. ते खुर्चीत बसून राहिले. म्हणाले, "लिवून द्यायला घर माज्या एकट्याचं हाय काय?"

घर त्यांच्या आणि त्यांच्या बहिणीच्या नावावर होतं. त्यांची आई वारल्यावर अण्णांनी बहिणीला, आक्काला, हक्क सोडून दे म्हटलं. ती नाही म्हणाली. तेव्हा अण्णा म्हणाले होते, परत या दारात पाऊल टाकू नकोस. आक्कानं ते पाळलं, काकींच्या मातीलाही आली नाही. आता काहीही लिहायचं तर तिची सही लागणार, वकिलानं तसं सांगितलं होतं. "कंच्या तोंडानं जाऊ तिच्याकडं?" ते म्हणाले. म्हणून विलासनं कागद मागितला तेव्हा ते ओरडले होते.

मी म्हटलं, "चला, मी येतो संगं."

बिद्रीला आक्काच्या अंगणात आम्ही पोचलो तेव्हा ती मिरच्या वाळत घालत होती. तिनं भावाला ओळखलं, पण उठली नाही. अण्णा चप्पल काढून उन्हातच उभे राहिले. मीच सगळं सांगितलं. तिनं ऐकलं आणि भावाला म्हणाली, "मला दार बंद केलंस. आता दुसऱ्याच्या लेकीला बी भाईर काडाय लागलायस व्हय रं?"

 अण्णांनी मान हलवली, आणि तशीच हलवत राहिले. सत्तरीचा माणूस माझ्यादेखत रडला. मला हवं होतं ते मिळत होतं, आणि तरी मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. आपल्या घरासाठी आपण कुणाच्या तरी जुन्या जखमेवरची पट्टी काढली, असं वाटलं. आक्का उठली, तांब्यातून पाणी दिलं. आधी त्यांना, मग मला. म्हणाली, "सही इथं न्हाई करायची. मी येतो तितं. माज्याम्होरं लिव."

ती आली. उंबऱ्यापाशी थांबली. अण्णांनी "ये की" म्हटल्यावरच आत आली. वकिलानं मजकूर केला, दोघांनी सह्या केल्या: काम झाल्यावर याच खोल्या, याच माणसांना. तोवर बाहेरच्या खोलीची किल्ली विलासकडे. आक्का जाताना अंगणात उभी राहून गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ही माणसं कुटं जाणार न्हाईत. परत हितंच येणार हाईत." समोरच्या काकूंचं दार हळूच लागलं.

विलासही त्या संध्याकाळी वर जाऊन अण्णांसमोर बसला. "मला ठावं असतं तर" एवढंच म्हणाला. अण्णा म्हणाले, "मी सांगितलं असतं तर, लेका."

काम तीन महिन्यांचं पाच महिन्यांवर गेलं. मी आजऱ्याला परत राहायला गेले नाही. प्राचीला आणून बावड्यातच एका पत्र्याच्या खोलीत आम्ही तिघं राहिलो. आबा एकदा येऊन ती खोली बघून गेले. गावात काय सांगितलं, ते मी विचारलं नाही.

परत आलो तेव्हा स्वयंपाकघरात ओल्या सिमेंटचा वास होता. मी डबे लावत होते. पूर्वी मला वाटायचं, घर म्हणजे जिथून आपल्याला कुणी ऊठ म्हणणार नाही ती जागा. अशी जागा मला आजऱ्यातही उरलेली नाही आणि बावड्यात कधी नव्हतीच. सख्ख्या भावाच्या घरात आक्कालाही नव्हती. हे मान्य करणं जिवावर येतं, पण खरं आहे.

तेवढ्यात दाराशी खाकरल्याचा आवाज आला. अण्णा होते. इतकी वर्षं भाडं मागायला, मीटर बघायला, हा माणूस सरळ आत यायचा. ते उंबऱ्याबाहेर थांबून म्हणाले, "येऊ काय आत?"

सवयीनं माझ्या तोंडात आलं होतं, तुमचंच घर हाय की अण्णा. ते मी गिळलं.

"या," मी म्हटलं, आणि चहाचं पातेलं शेगडीवर ठेवलं.