उजव्या पायातली चप्पल आणि माझा नव्वद अंशांचा शहाणपणा

बुधवारी कॉलेजच्या मीटिंग हॉलमध्ये मी चक्क आवाज चढवला. स्वतःच्या लॅबप्रमुख सरांवर, तेही पाहुण्यांसमोर. चार दिवस झाले तरी डोकं शांत होत नाहीये, म्हणून इथे लिहिते...

मी कोल्हापुरात एका इंजिनिअरिंग कॉलेजात इमेज प्रोसेसिंग शिकवते आणि तिथल्या लॅबमध्ये त्याचंच काम करते. आमच्याकडे कोल्हापुरी चपलेच्या चामड्याचा प्रोजेक्ट आला होता. चामड्यातले तंतू कोणत्या दिशेने जातात ते शोधायचं, म्हणजे तळ कसा कापायचा ते ठरवता येईल.

नमुने दिले शेवंताक्कांनी. वय साठीच्या पुढे, जन्म चपला करण्यात गेलेला, आणि कारागिरांच्या प्रशिक्षण वर्गात कटिंगचा तास त्याच घेतात. त्या चामडं भिजवतात, उभं-आडवं ओढून बघतात, आणि जिकडे ते कमी ताणतं ती दिशा टाचेपासून अंगठ्याकडे ठेवतात. एवढंच त्यांचं यंत्र... दोन हात.

मी त्या चामड्याच्या नखाएवढ्या तुकड्यांचे सीटी स्कॅन करून आणले आणि त्या थ्रीडी चित्रावर स्ट्रक्चर टेन्सर चालवला. नाव भारदस्त आहे, पण गोष्ट साधी आहे. उसाच्या रानात उभे राहा... सरीतून सरळ चाललात तर काहीच बदलत नाही, आडवे गेलात तर ऊस, सरी, ऊस, सरी. टेन्सर चित्रातल्या प्रत्येक ठिपक्यापाशी हेच बघतो, की बदल कुठल्या दिशेने सगळ्यात जास्त आहे आणि कुठल्या दिशेने सगळ्यात कमी.

माझं उत्तर आलं आक्कांच्या बरोबर काटकोनात. स्क्रीनवर रंगीत बाणच बाण, सर एकदम खूश. रिपोर्टच्या पहिल्याच पानावर वाक्य गेलं की पारंपरिक कटिंगची दिशा अशास्त्रीय आहे, आणि प्रशिक्षण समितीला शिफारस गेली की आक्कांचा तास बंद करून तिथे आमच्या स्लाइड्स दाखवाव्यात.

हे आक्कांना सांगायला मलाच पाठवलं. आणि मी सांगितलंही... लॅपटॉप उघडून, बाण दाखवून, समजावणीच्या सुरात. आता आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

आक्का भांडल्या नाहीत. त्यांनी कागदावर माझं पाऊल आखून घेतलं, आणि पुढच्या आठवड्यात नवा जोड हातात दिला. "डावी माझ्या हाताची हाय, उजवी तुझ्या कंप्युटरची. म्हैनाभर घाल, मग बोल की."

महिना लागलाच नाही. तिसऱ्या आठवड्यात महाद्वार रोडला भर गर्दीत उजवी चप्पल पायातून निसटली. घरी येऊन दोन्ही एकावर एक ठेवल्या... उजवी बोटभर लांब झालेली, डावी होती तशी.

आधी मी चामड्याला दोष दिला. मग माझ्या चालण्याला. शेवटी नाइलाजाने कोड उघडला.

तंतूंची दिशा म्हणजे जिकडे बदल सगळ्यात कमी. मी उचलली होती सगळ्यात जास्त बदलाची! सरी कुठे जाते विचारल्यावर बांधावर उभं राहून आडवं बोट दाखवावं तसं. कुरुंदवाडच्या ऊसवाल्याची पोरगी मी, आणि ही चूक केली... नवा कोड आधी दिशा माहीत असलेल्या साध्या चित्रावर तपासायचा असतो, हे मी दरवर्षी वर्गात घसा कोरडा करून शिकवते. एक ओळ बदलली आणि सगळे बाण वळून आक्कांच्या दिशेला लागले.

सरांकडे धावत गेले. सर म्हणाले, रिपोर्ट गेलाय, आता राहू दे, पुढच्या वेळी तळटीप टाकू.

तळटीप! आक्कांना अशास्त्रीय म्हणायला पहिलं पान, आणि आमची चूक मात्र मुंगीच्या अक्षरात खाली? त्या बाईंचा तास जाणार होता, चारचौघांतला मान जाणार होता. माझ्या एका ओळीपायी.

बुधवारी प्रशिक्षण समितीची मीटिंग होती. आक्कांनाही बोलावलेलं, त्या मागच्या खुर्चीवर बसल्या होत्या. सरांनी तीच जुनी बाणांची स्लाइड लावली आणि मी उठून उभी राहिले. म्हटलं, हे बाण चुकीचे आहेत, ते मीच काढलेत. सर म्हणाले, "मॅडम, बसून घ्या." तिथे माझा आवाज चढला.

आणि मी पायातली चप्पल काढली.

सर दोन पावलं मागे सरकले. मी दुसरीही काढली, दोन्ही टेबलावर शेजारी-शेजारी ठेवल्या आणि सांगितलं, डावी आक्कांच्या दिशेने कापलेली, उजवी माझ्या बाणांच्या. समितीतल्या एकांनी पट्टी मागवून मापं घेतली. रिपोर्टमधलं वाक्य तिथेच खोडलं, आणि आक्कांचा तास राहिला.

बाहेर आल्यावर मी आक्कांची माफी मागितली. त्यांनी नुसती मान हलवली. मग जरा धीर करून विचारलं, आक्का, उजवी तेवढी नवीन करून द्याल का?

"न्हाय. ऱ्हाऊदे ती तशीच. रिपोर्ट लिवाय बसलीस की घालायची."

आक्का, तुमचे उपकार आहेत. हे लिहितानाही पायात तोच जोड आहे... उजवी अजून निसटते.